चौदा दिव्यांचा पंचनामा: किनाऱ्यावरील पोलीस नेतृत्वावरच्या दबावाचे एक प्रकरण

दक्षिण कोकणातील एका बंदरावर जानेवारीच्या एका पहाटे सुरू झालेले हे प्रकरण आहे. त्यातील पोलीस निरीक्षकाचा वकील या नात्याने मी प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे उभा राहिलो होतो, त्यामुळे माझी नजर पूर्णपणे तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही. मात्र पुढे जे लिहिले आहे ते प्रामुख्याने शपथपत्रे, ठाणे दैनंदिनीच्या प्रमाणित प्रती आणि तपासाचे कागद यांवर आधारलेले आहे. अशिलाच्या संमतीने लिहीत असलो तरी व्यक्तींची नावे, तालुका आणि बंदर मुद्दाम गाळले आहे. कोकणात नाव गाळले तरी आडनावाचा अंदाज बांधणारे वाचक असतातच. त्यांनी तो आपल्यापाशीच ठेवावा.

समुद्रात काय घडले

शासनाच्या फेब्रुवारी 2016 च्या आदेशाप्रमाणे पर्ससीन मासेमारीचा, म्हणजे मासळीच्या थव्याभोवती मोठे जाळे टाकून ते खालून आवळण्याच्या मासेमारीचा, हंगाम 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर इतकाच आहे, आणि प्रखर दिव्यांच्या उजेडात मासळी गोळा करून ती ओढण्याला तर कोणत्याच महिन्यात परवानगी नाही. तरीही थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजाला एखादे गाव वसल्यासारखा पांढरा उजेड दिसतो. ज्यांचे पोट लहान होडीवर आणि गिलनेटवर, म्हणजे पाण्यात उभ्या सोडलेल्या साध्या जाळ्यावर, आहे ते हा उजेड रोज पाहतात, कारण त्याच्याखाली जमा होणारा बांगडा, तारली आणि माकुल त्यांच्या जाळ्यात कधीच येणार नसतो. मत्स्यव्यवसाय विभागाकडे तक्रारी होतात, गस्ती नौका निघते, आणि ती बंदराबाहेर पडण्याआधीच समुद्रातले दिवे विझतात. ही माहिती कोण पुरवतो हे बंदरावरच्या चहावाल्यालाही ठाऊक असते.

त्या रात्री अडीचच्या सुमारास चार होड्यांतील बावीस मच्छीमारांनी किनाऱ्यापासून साधारण आठ सागरी मैलांवर, म्हणजे राज्याच्या जलधी क्षेत्रातच, अशी एक नौका घेरली. नौकेवरच्या खलाशांनी जाळ्याची शिशाची वजने भिरकावली, त्यात दोन मच्छीमार जखमी झाले. मच्छीमार नौकेवर चढले, झटापट झाली, आणि तांडेलाच्या, म्हणजे नौकेवरील प्रमुख खलाशाच्या, डोक्यात वल्ह्याचा फटका बसून तीन टाके पडले. त्यानंतर मच्छीमारांनी नौकेवरचे चौदा एलईडी दिवे सोडवून काढले आणि नौका, खलाशी व दिवे असे सगळे घेऊन साडेपाचच्या सुमारास ते जेटीला लागले.

यात कायदा हातात घेतला गेला हे उघड आहे. मच्छीमारांना नौका अडवण्याचा अधिकार नव्हता, आणि तांडेलाचे डोके फोडण्याचा तर नव्हताच. हे मी आधीच नोंदवतो, कारण पुढे या प्रकरणाला ‘गरीब मच्छीमार विरुद्ध धनदांडगा नौकामालक’ असे सोपे रूप दिले गेले आणि त्या सोपेपणाचा उपयोग दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी करून घेतला.

पोलीस निरीक्षक पाच पन्नासला जेटीवर पोहोचले. त्यांच्या उपनिरीक्षकाने सहा वीसला, मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांसमक्ष आणि दोन पंचांना बोलावून, दिव्यांचा पंचनामा सुरू केला. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे बंधनकारक आहे. म्हणून उपनिरीक्षकाने मोबाइल एका हवालदाराच्या हातात दिला आणि चित्रण करायला सांगितले. त्या चित्रणात एक वयस्क मच्छीमार, खांद्यावर ओले जाळे तसेच ठेवून, एकेक दिवा उचलून उपनिरीक्षकाच्या पुढ्यात ठेवताना दिसतो आणि मध्येच म्हणतो, “मोजून घेवा सायबानू, आमी चोर नाय. सगळे तुमच्याच ताब्यात दिलव.” उपनिरीक्षक त्याला गप्प राहायला सांगतो आणि मोठ्याने आकडे मोजत चौदावर थांबतो. हे चित्रण पुढे या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद ठरेल असे त्या क्षणी कोणालाही वाटले नव्हते. हवालदार तर अर्धा वेळ समुद्राकडेच मोबाइल धरून उभा होता.

एक कलम वाढवण्याची मागणी

पहिला फोन सहा चाळीसला आला. तो स्थानिक लोकप्रतिनिधींच्या स्वीय सहायकाचा होता आणि त्याची भाषा नम्र होती: नौका ‘आपल्या माणसाची’ आहे, जरा लक्ष द्यावे. निरीक्षकांनी तो फोन ठाणे दैनंदिनीत नोंदवला. फोनवरून आलेली शिफारस दैनंदिनीत नोंदवणारे अधिकारी मी फार पाहिलेले नाहीत, आणि जे पाहिले त्यांपैकी बहुतेकांची पुढची नेमणूक प्रशिक्षण केंद्रात झालेली पाहिली आहे.

दुसरा फोन स्वतः लोकप्रतिनिधींचा होता आणि त्यात मागणी स्पष्ट झाली. मच्छीमारांवर दरोड्याचे कलम लावावे आणि त्यांची उलट फिर्याद घेऊ नये.

पोलीस ठाण्याच्या रोजच्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या वाचकाला एका कलमाचा आग्रह क्षुल्लक वाटेल, म्हणून त्याचे वजन सांगणे आवश्यक आहे. घडलेल्या प्रकाराला भारतीय न्याय संहितेतील जी कलमे सहज लागू होत होती ती अशी: बेकायदा जमाव, दंगा, अन्यायाने अडवून ठेवणे, आणि धोकादायक साधनाने दुखापत, म्हणजे कलम 118(1), ज्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. अटकेची गरज लेखी नोंदवावी लागते, एरवी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली नोटीस देऊन चौकशीला बोलवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून या बाबतीत न्यायालये कडक झाली आहेत. याउलट पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, न्याय संहितेचे कलम 310(2), आणि त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ते कलम लागले की बावीस जणांना अटक, जामिनासाठी सत्र न्यायालय, आणि तोवर बावीस घरांचा हंगाम बुडालेला. खटला पुढे टिको वा न टिको, शिक्षा आधीच भोगून झालेली असते. मागणी करणाऱ्याला हे नीट माहीत होते. कलमांचे असे ज्ञान आमच्याकडच्या राजकारणात वकिलांपेक्षाही कार्यकर्त्यांना अधिक असते.

प्रश्न असा होता की दिवे काढून नेणे ही चोरी होते का. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो, म्हणजे स्वतःचा गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी करण्याचा इरादा. बंदरात पोहोचताच, मोजून, शासकीय अधिकाऱ्यासमोर पोलिसांच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंबाबत असा हेतू दाखवणे फार कठीण आहे. निरीक्षकांचे हे मत होते आणि ते त्यांनी लोकप्रतिनिधींना फोनवर सांगितले. मला विचाराल तर तेवढे सांगण्याचीही गरज नव्हती. कोणते कलम लागेल याचे स्पष्टीकरण तपासाबाहेरच्या माणसाला देऊ लागले की त्या माणसाला ते ऐकण्याचा अधिकार आहे असे आपणच मान्य केलेले असते.

इथपर्यंत निरीक्षकांचे वर्तन बहुतांशी निर्दोष होते. त्यानंतर त्यांच्याकडून एक चूक झाली आणि संपूर्ण प्रकरण तिच्याभोवती फिरले. तांडेल ग्रामीण रुग्णालयात होता. त्याच्या वतीने नौकेचा व्यवस्थापक सात वाजता फिर्याद द्यायला आला, तेव्हा निरीक्षकांनी त्याला थांबवून ठेवले. दोन्ही फिर्यादी एकदमच घेऊ, नाहीतर बाहेर जमलेला जमाव बिथरेल, असा त्यांचा हिशोब होता. बाहेर दोनशे माणसे जमली होती, हे खरे. परंतु दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात 12 नोव्हेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले आहे, आणि जमाव बिथरेल ही सबब त्या निकालात कुठेही नाही. व्यवस्थापकाची फिर्याद दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी नोंदली गेली, मच्छीमारांची दोन वाजता. सहा तासांचा उशीर दैनंदिनीत जसाच्या तसा राहिला.

विश्रामगृहातील दुपार

जिल्हा पोलीस अधीक्षकांना जिल्ह्यात येऊन तेव्हा बारा महिने झाले होते. थेट भरतीचे, तरुण, मराठी उत्तम बोलणारे पण घरची भाषा वेगळी असणारे असे हे अधिकारी. त्यांना दुपारी चार वाजता शासकीय विश्रामगृहावर बोलावणे आले, तिथे लोकप्रतिनिधी, नौकामालक आणि आणखी तीन-चार मंडळी होती. अधीक्षकांनी जावे की नाही याविषयी मतभेद होऊ शकतो. जिल्ह्यात विश्रामगृहाच्या बैठकीला न जाणारा अधीक्षक अहंकारी ठरतो आणि जाणारा उपलब्ध ठरतो. ते गेले, मात्र उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना सोबत घेऊन गेले आणि परतल्यावर बैठकीचे टिपण केले. त्या टिपणात एक वाक्य अवतरणात आहे: “साहेब, तुम्ही पाहुणे आहात, दोन वर्षांनी जाल. आम्हाला इथेच राहायचंय.”

या वाक्यातला ‘दोन वर्षांनी’ हा उल्लेख योगायोगाने आलेला नाही. प्रकाश सिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे सात निर्देश दिले, त्यांपैकी एक असा होता की जिल्हा अधीक्षक आणि ठाणे प्रभारी यांच्यासह प्रत्यक्ष कामावरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कालावधी मिळावा. प्रकाश सिंह हे उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. त्यांची याचिका 1996 सालची, म्हणजे निकाल लागायला दहा वर्षे लागली. महाराष्ट्राने त्यानंतर आणखी आठ वर्षे घेतली आणि 2014 मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य सुरक्षा आयोग, बदल्यांबाबत निर्णय व शिफारशी करणारी पोलीस आस्थापना मंडळे, तक्रार प्राधिकरणे आणि कलम 22 न मधील सर्वसाधारण पदावधी ही सगळी चौकट कायद्यात आणली. निरीक्षकाला पोलीस ठाण्यात दोन वर्षे, उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांना एका पदावर दोन वर्षे.

त्याच कलमात पुढे अपवादही आहे. लोकहित आणि प्रशासकीय निकड असेल तर मुदतपूर्व बदली करता येते, आणि गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकारी आस्थापना मंडळाच्या शिफारशीविनाही बदली करू शकतो. अपवाद नसावा असे मी म्हणत नाही; खरोखर नालायक अधिकाऱ्याला दोन वर्षे सोसायला कोणी सांगू नये. पण गंभीर तक्रार कशाला म्हणायचे हे तक्रार करणाराच ठरवू लागला, तर दोन वर्षांची हमी त्याच्या मर्जीपुरतीच उरते.

विश्रामगृहात अधीक्षकांपुढे तीन मागण्या ठेवल्या गेल्या: दरोड्याचे कलम, मच्छीमारांच्या फिर्यादीत ‘ब’ समरी (म्हणजे फिर्याद खोटी ठरवून तपास बंद करणे), आणि निरीक्षकाची उचलबांगडी. अधीक्षकांनी पहिल्या दोन मागण्यांबाबत सांगितले की मागणी लेखी द्यावी, ती तपासी अधिकाऱ्याकडे आणि सरकारी अभियोक्त्यांकडे अभिप्रायासाठी पाठवू. लेखी काहीही आले नाही. आले असते तर नवल वाटले असते, कारण अखिल भारतीय सेवा वर्तणूक नियम, 1968 मधील नियम 3 वरिष्ठाच्या तोंडी आदेशालाही लेखी दुजोरा घ्यायला सांगतो, आणि इथे बोलणारे तर अधीक्षकांचे वरिष्ठही नव्हते. पोलीस दलावरील अधीक्षण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 4 प्रमाणे राज्य शासनाचे असते. तो अधिकार वापरण्याच्या रीती ठरलेल्या आहेत आणि त्यांत विश्रामगृहाचा दिवाणखाना बसत नाही.

त्या संध्याकाळी दुसरीकडूनही दबाव आला, हे सांगितले नाही तर चित्र अर्धवट राहील. विरोधी गटाच्या एका नेत्याने मच्छीमारांना घेऊन पोलीस ठाण्यावर मोर्चा आणला आणि नौकामालकाला रात्रीच्या आत अटक न झाल्यास महामार्ग रोखण्याचा इशारा दिला. मालक त्या रात्री नौकेवर नव्हता. त्याला अटक करण्यासाठी पुरावा नव्हता. पकडा असे सांगणारा दबाव हा सोडा असे सांगणाऱ्या दबावाइतकाच तपासात ढवळाढवळ करणारा असतो, मात्र तो लोकांना न्यायाच्या बाजूचा वाटतो म्हणून त्याची तक्रार कोणी करत नाही. याच किनाऱ्यावर 24 ऑगस्ट 2021 रोजी केंद्रीय मंत्री नारायण राणे यांना संगमेश्वर तालुक्यातील गोळवली येथे अटक झाली आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या दिवशी तत्कालीन पालकमंत्र्यांचे फोनवरचे बोलणे वाहिन्यांवर दिसल्यावर अटकेचा निर्णय नेमका कोणाचा, यावर मोठा वाद झाला. अटक योग्य होती की नव्हती हा माझा विषय नाही. पण तो निर्णय पोलिसांचाच होता असे नंतर कितीही सांगितले तरी लोकांचा विश्वास बसणे कठीण होते, आणि ही हानी संबंधित दलालाच सोसावी लागते.

अधीक्षकांनी काय वाचवले आणि काय दिले

पुढच्या चार दिवसांत अधीक्षकांनी तीन गोष्टी केल्या. दोन्ही गुन्ह्यांचा तपास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दिला, जेणेकरून निरीक्षकाच्या पक्षपाताचा आरोप उरू नये. दरोड्याच्या कलमाबाबत जिल्हा सरकारी वकिलांचा लेखी अभिप्राय मागवला. पंचनाम्याचे चित्रण पाहून सरकारी वकिलांनी दीड पानात लिहिले की अप्रामाणिक हेतूचा प्रथमदर्शनी पुरावा नाही. आणि परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना सविस्तर अर्धशासकीय पत्र पाठवून घडलेले सर्व कळवले. या तिन्ही गोष्टी मी आजही नव्या अधिकाऱ्यांना उदाहरण म्हणून सांगतो. विशेषतः अभिप्राय मागवण्याची वेळ महत्त्वाची होती: दबाव वाढल्यावर नव्हे, तर तो पहिल्यांदा दिसल्यावर लगेच.

मात्र नवव्या दिवशी अधीक्षकांच्याच सहीचा एक चार ओळींचा आदेश निघाला. ‘प्रशासकीय कारणास्तव’ निरीक्षकांना पुढील आदेशापर्यंत जिल्हा नियंत्रण कक्षाशी संलग्न करण्यात येत आहे. त्यासोबत कसुरी अहवाल जोडलेला होता, आणि कसूर एकच: फिर्याद नोंदवण्यास सहा तासांचा विलंब.

या आदेशावर मी बराच विचार केला आहे आणि माझे मत एकदा बदललेही आहे. न्यायाधिकरणात उभा असताना मला अधीक्षक भित्रे वाटले. नंतर सगळा पत्रव्यवहार एकत्र वाचला तेव्हा दिसले की त्या नऊ दिवसांत त्यांना मंत्रालयातून चार वेळा विचारणा झाली होती, विधिमंडळात हक्कभंग आणण्याची भाषा वापरली गेली होती, आणि जिल्हा नियोजन समितीसमोर असलेला पोलीस वाहनांच्या खरेदीचा प्रस्ताव अचानक ‘फेरविचारासाठी’ मागे गेला होता. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. पोलिसांच्या गाड्या, कॅमेरे, कधी गस्ती नौकांचे इंधनही त्या निधीतून येते, हे वास्तव कोणत्याही सुधारणा निर्देशात नाही. अधीक्षकांनी सौदा केला. कलम वाचवण्यासाठी माणूस दिला. बावीस जणांची अटक टळली, हे खरे. आणि ज्या निरीक्षकाच्या पंचनाम्यामुळे ती टळली त्याला नियंत्रण कक्षात वायरलेस संचासमोर बसावे लागले, हेही तितकेच खरे.

या सौद्यातली खरी अडचण अशी की लिहिलेले कारण खोटे नव्हते. सहा तासांचा विलंब झालाच होता. तो नसता तर दुसरे काही सापडले असते, कारण पोलीस ठाण्याची दैनंदिनी इतकी बारीक असते आणि काम इतके घाईचे असते की शोधायला बसले तर कोणत्याही ठाण्यात आठवड्याला एक कसूर निघते. म्हणून कायद्याने कारण लिहायला सांगितले एवढ्याने संरक्षण मिळत नाही. कारण खरे आहे का यापेक्षा हे कारण आजच का सुचले, त्याच आठवड्यात त्याच जिल्ह्यात असाच विलंब करणाऱ्या इतरांचे काय झाले, हे विचारावे लागते. मी माहितीच्या अधिकारात ते विचारले. त्या वर्षी जिल्ह्यात फिर्याद उशिरा नोंदवल्याबद्दल सात अधिकाऱ्यांना समज देण्यात आली होती. संलग्नता फक्त एकाची झाली होती.

न्यायाधिकरणापुढे

आमचा अर्ज दोन मुद्द्यांवर होता. पहिला, निरीक्षकाला ठाण्यात केवळ अकरा महिने झाले होते आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली करायची तरी जिल्हा पोलीस आस्थापना मंडळाचा निर्णय लागतो. दुसरा, संलग्नता हे बदलीचेच दुसरे नाव आहे. शासनाचे उत्तर ठरावीक होते: संलग्नता ही बदली नव्हे, ती तात्पुरती व्यवस्था आहे, म्हणून कलम 22 न लागू होत नाही. सोबत आस्थापना मंडळाचे इतिवृत्त जोडले होते, ज्यात आदेशाला ‘कार्योत्तर मान्यता’ दिली होती. इतिवृत्ताची तारीख आदेशानंतर चार दिवसांची. मंडळाचे अध्यक्ष अर्थातच अधीक्षक स्वतः. मंत्र्यापासून अधीक्षकाला मोकळे ठेवण्यासाठी जे मंडळ उभे केले, त्यात शेवटी अधीक्षकच अध्यक्ष म्हणून आपल्याच आदेशाला मान्यता देतो, आणि त्या कागदावर मंत्र्याचा कुठे मागमूसही राहत नाही. दबाव आणणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काय असेल?

सुनावणीच्या तारखा पडत गेल्या. फेब्रुवारीअखेर भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांच्या बदल्यांची यादी निघाली आणि तीत अधीक्षकांचे नाव होते. जिल्ह्यात त्यांना तेरा महिने झाले होते. नवे पद दर्जाने समान, कामाने निरुपद्रवी. त्यांनी त्याविरुद्ध कुठेही दाद मागितली नाही. निरीक्षकाला देऊनही त्यांचे स्वतःचे पद वाचले नव्हते, हे मी कोणत्याही समाधानाने लिहीत नाही. पण असा सौदा टिकेल असे मानणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावे.

ज्येष्ठ अधिकारी अशा वेळी का बोलत नाहीत, असे मला वारंवार विचारले जाते. राज्याने एक मोठे उदाहरण पाहिले आहे. मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांना मार्च 2021 मध्ये पदावरून हलवले गेल्यावर त्यांनी 20 मार्चला मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर वसुलीसाठी पोलिसांना वापरल्याचा आरोप केला. 5 एप्रिलला उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला आणि गृहमंत्र्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. आरोप त्यांनी नाकारले, आणि पुढची न्यायालयीन वाट लांबची आहे. माझ्या दृष्टीने त्यातली बोलकी बाब आरोपांची नाही, क्रमाची आहे. पत्र बदलीनंतर आले. पदावर असताना केलेली नोंद आणि पद गेल्यावर केलेला आरोप यांना न्यायालयात आणि लोकांत सारखे वजन मिळत नाही. आमच्या प्रकरणातील अधीक्षकांनी विश्रामगृहातून परतल्यावर त्याच संध्याकाळी टिपण केले होते, आणि त्यांच्या सर्व कृतींत मला ते अधिक धैर्याचे वाटते.

नव्या अधीक्षकांनी पदभार घेतल्यानंतर आठवड्याभरात दरोड्याच्या कलमाचा विषय पुन्हा निघाला. पण आता फाइलवर सरकारी वकिलांचा अभिप्राय होता, जप्तीचे चित्रण न्यायालयात सादर झालेले होते, आणि परिक्षेत्र कार्यालयाकडे जुने अर्धशासकीय पत्र होते. अभिप्राय डावलायचा तर त्याचे कारण आपल्या सहीने लिहावे लागले असते. नव्या अधीक्षकांनी ते लिहिले नाही. यात त्यांची निष्ठा किती आणि सावधपणा किती हे मी सांगू शकत नाही. जुन्या कागदांनी त्यांना दोन्हींची सोय करून दिली होती. दोषारोपपत्र दोन्ही गुन्ह्यांत दाखल झाले: मच्छीमारांवर दंगा, अडवणूक आणि दुखापत; खलाशांवर दुखापत. नौकेवरील बेकायदा मासेमारीची कारवाई मत्स्यव्यवसाय विभागाकडे वेगळी चालली, कारण तिचा न्यायनिर्णय करण्याचा अधिकार 2021 च्या दुरुस्तीनंतर तहसीलदारांकडून त्या विभागाच्या अधिकाऱ्यांकडे गेला आहे. त्या दंडाचे काय झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

निरीक्षकांचा अर्ज मात्र निकालापर्यंत पोहोचला नाही. जूनमध्ये सर्वसाधारण बदल्या झाल्या, त्यांत त्यांना परिक्षेत्रातील दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक मिळाली, आणि संलग्नतेचा आदेश आपोआप संपला. सरकारी पक्षाने अर्ज निष्फळ झाल्याचे निवेदन केले. मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून निर्णय मागितला. पीठाने मला शांतपणे ऐकून घेतले आणि अर्ज निकाली काढला. संलग्नता म्हणजे बदली की नव्हे, या प्रश्नाचे उत्तर आमच्या प्रकरणात मिळाले नाही. त्या दिवशी बाहेर आल्यावर निरीक्षक मला म्हणाले, “वकीलसाहेब, पुढच्या वेळी फिर्याद सात वाजताच घेईन.” फोन दैनंदिनीत नोंदवणार का, हे मी त्यांना विचारले नाही.

दोन्ही खटले तालुका न्यायालयात प्रलंबित आहेत. मागच्या तारखेला मुद्देमाल हजर करायचा होता, म्हणून कारकुनाने दिव्यांची पोती बाहेर आणली. खाऱ्या हवेने पत्र्याची आवरणे गंजली होती आणि एका पोत्याचे तोंड सुटले होते. नव्या ठाणे अंमलदाराने नोंदवही उघडून ते पुन्हा मोजले. चौदा भरले.